भ्या, आणि पुढचं वाक्य

वैजापूरच्या अलीकडं, मिशनच्या शाळेत
शांतवन त्रिभुवन मास्तर.
सेमिनरी अर्ध्यात सोडून आलेले.
का, ते कुणी विचारलं नाही.
लॅटिन तेवढी अंगाला चिकटून आली,
कुसळासारखी.

रविवारी मिस्सा झाली की आम्हा तिघांना
बोरीखाली बसवायचे.
"वेरेओर. मला भ्या वाटतं.
रूप कर्मणी, अर्थ कर्तरी.
दिसतं असं, की कुणीतरी भिववलंय;
भितो मात्र आपला आपणच."
मार्था हसली, तर म्हणाले,
"आपल्यात तरी काय गं? भीती वाटते. मला.
मी कुठंय त्यात?
'ला' लावून कोपऱ्यात उभा."

हा शब्द म्हणे आधी भित्रा नव्हता.
जपून बघणं, एवढंच होतं त्यात,
हुरड्यात आलेल्या ज्वारीकडं
माळ्यावरचा माणूस बघतो तसं.
बघता बघता भीड आली, मुलाहिजा आला.
पाखरं उडून गेली,
गोफण हातातच राहिली.

मला एकच उमगेना.
'ने' म्हणजे न.
मग 'वेरेओर ने वेनियात' म्हणजे
तो येईल याचं भ्या, ते कसं?
आणि 'उत' लावलं, की न येण्याचं?
"उलटंय, सर."
मास्तरांनी खडू मोडला.
दोन तुकडे शहाबादी फरशीवर
लांब लांब ठेवले.
"ही दोन वाक्यं होती, लेकरा.
भ्या वाटतं. न येवो.
भ्या वाटतं. येवो.
मधला पूर्णविराम झिजला."

त्याच साली जालन्यात, सळ्यांच्या कारखान्यात
भट्टी उसळली.
मास्तरांचा आसिर तिथं रात्रपाळीला.
मी जेवायला बोलवायला गेलो, तर ते फाट्यावर,
माळ खिशात, ओठ हलताहेत.
लॅटिन नव्हती.
पहिलं वाक्यही नव्हतं.
नुसतं, येवो.

शेवटच्या एसटीतून दोन बाया उतरल्या,
एक पिठाचा डबा.
कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

आसिर तिसऱ्या दिवशी दुपारी आला,
कोपरापर्यंत पट्टी, हातात केळी.
मास्तर त्याच्यावर खेकसले,
"काहून आलास खाडा करून?"
मग पट्टीवरून, न टेकवता,
हात फिरवत राहिले.
जपून.
बघत.