दहा मिनिटं

एजंट म्हणाला होता, जळगाव स्टेशनपासून दहा मिनिटं.
कशाने, ते आम्ही विचारलं नाही.
पिंप्राळ्याच्या पुढे, केळीच्या बागेला लागून
फक्कीने आखलेला एक चौकोन.
धनराज पावलांनी मोजत होता :
इथं ओटा, इथं मोरी, इथं पोरांचं.
मी चपला काढून त्या पोरांच्या खोलीत उभी राहिले.
पोरं नव्हती अजून. ढेकळं होती, तापलेली.

गट नंबर एकशे सतरा, प्लॉट अठ्ठावीस-ब.
पत्ता सांगताना शहराचं नाव मोठ्यानं,
बाकीचं जरा हळू.
सिलिंडरवाला हायवे सोडून आत येत नसे.
मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये टाकी,
पोटात सहा महिन्यांचा हर्षल.
चौघं बसलो होतो एका गाडीवर,
हप्ता धरला तर पाच.

काळी माती घर धरत नाही, रउफ मिस्त्री आधीच म्हणाले होते,
पाया मुरुमापर्यंत न्या, ताई.
मुरूम नऊ फुटांवर होता,
पैसे सहा फुटांपर्यंत.
पहिल्याच मे महिन्यात भिंतीला तडा गेला,
ओट्यापासून देवाच्या फळीपर्यंत,
आणि श्रावणात आपोआप मिटला.
दरसाल तेच.
दुर्वा त्याला नदी म्हणायची,
दोन्ही काठांवर पेन्सिलीनं गावं काढायची.
एकदा विचारलं तिनं,
आपलं घर कोणत्या काठाला?
मी पीठ मळत होते. म्हटलं, पाण्यापासून लांब.

ते मात्र खरं होतं.
नळाचं पाणी आमच्याआधी चार कॉलन्यांत संपायचं.
धनराज दिवसभर डाळमिलमध्ये तूर भरडायचा
आणि घरी बोअरच्या पाण्यात
तीच डाळ शिजायची नाही.
तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या, सात.
पोरं शिट्ट्या मोजत अंक शिकली.

शाळेची गाडी पेट्रोल पंपापर्यंत.
तिथून घर बाराशे सहा पावलं,
असं हर्षलनं दारात येऊन जाहीर केलं,
डोक्यावर ओला पंचा, नाक लाल.
पुढच्या वर्षी अकराशे चाळीस.
नंतर जुनी सायकल आली
आणि आकडे बंद झाले.
कुठल्या दिवशी बंद झाले, ते काही आठवत नाही.

पहिल्या कानबाईला कॉलनीत चार घरं, चार आडनावं.
रोट भाऊबंदांतच खायचे,
भाऊबंद चाळीस कोसांवर.
पुनवेच्या आत संपवायला हवेत
आणि डबा अर्धा भरलेला.
कुंपणापाशी पावरा मास्तरांची बायको उभी होती,
कडेवर तान्हं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी डब्याकडे.
मग दिलं ताट.
घरी कानबाई काही बोलली नाही.
सासूबाई बोलल्या, फोनवर, बराच वेळ.

आता दिवे आलेत. डांबरही आलं, एका निवडणुकीपुरतं.
धनराज म्हणतो, विकलं तर तिप्पट येईल,
स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट बसतो त्यात.
मग तो गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघतो
आणि खाली आल्यावर ते बोलत नाही.

यंदा केळीची बाग निघाली.
परवा तिथं फक्की पडली.
एक पोरगी उभी होती एका चौकोनात,
चपला काढून. नवरा पावलं मोजत होता.
मला बघून जवळ आली :
ताई, टेशन कितलं दूर शे वं?

दहा मिनिटं, मी म्हटलं.
कसं निघालं तोंडातून, कोण जाणे.
आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं,
जारचं, बोअरचं नाही.
ती पीत होती, घोट घोट, उन्हात,
तेव्हा तिच्या नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं :
मुरूम नऊ फुटांवर आहे, बाई.
सहावर थांबू नका.