रीडिंग

इतवाऱ्यात दुपारी पुरुषमाणसं घरी नसतात,
म्हणून एजन्सीनं मला घेतलं.
मीटरमागं साडेतीन रुपये,
तेही आकडा फोटोत नीट आला तर.
बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, फी बाकी, सायकल भावाची.

नांदेडच्या जुन्या घरांत मीटर आतच असतात:
चपलांच्या फळीवर, पाळण्याच्या दोरीशेजारी,
एका घरी तर लोणच्याच्या बरणीमागं.
उन्हातून आलेली मी उंबऱ्यात थांबते
डोळ्यांना अंधार दिसू लागेस्तोवर,
आणि ओरडते, मीटऽर!

"आजा गे, चपला निकालू नक्को, फर्शी गीलीच हय."
पडदा धरून रझिया आपा,
दुसऱ्या हातात माझ्यासाठी टॉर्च.
बिल इतकं कसं काय, विचारते.
पंखा जुना असंल, मी म्हणते.
"हौ," म्हणते ती.
"हौ," म्हणते मी.
हा एवढासा शब्द दोघींच्याही घरचा,
कुणी कुणाकडून उसना नेला, नोंद नाही.

विणकर गल्लीत माग गेला, खड्डा राहिलाय.
नरसव्वा त्यात आता कांदे ठेवते.
पहिल्या महिन्यात मी आकडे टिपत असताना
मागून तिनं विचारलं, "तिन्नावा?"
मी म्हटलं, नाही हो, तीन-आठ.
पुन्हा, "तिन्नावा, अम्मा?"
अहो नऊ नाही, आठच आहे, बघा की!
ती हसली ते पदर तोंडात कोंबून, खाली बसून,
सुनेला हाक मारून, तिलाही सांगून.
मग भात आला. वर चिंचेचं सार.
जेवलीस का, एवढंच विचारत होती बाई.
त्या महिन्यात तिचा फोटो
पिवळ्या बोटांनी हलला
आणि माझे साडेतीन रुपये गेले.

गुरुद्वाऱ्यामागच्या अंगणात
रणजोधसिंघ पगडीचं ओलं कापड घेऊन
माणसाची वाट बघत उभे.
"पोरी, मीटर कुठं पळतंय? हे टोक धर जरा."
मी एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला,
मधी पाच मीटर निळं.
"कुठली गं तू?"
"इथलीच."
"इथली म्हंजी? आमच्या सात पिढ्या
ह्याच गोदावरीत न्हाल्या.
तुमच्या किती?"
घडी घालत, घडी घालत ते जवळ येत गेले.
माझ्या बोटांपर्यंत पोचले
तरी मला उत्तर आलं नव्हतं.
त्यांनी टोक घेतलं, म्हणाले,
"आहो, आहो. पाणी पिऊन जा."

पण त्या नव्या अपार्टमेंटात
मीटर खाली, सगळे एका रांगेत,
दार वाजवायचं कामच नाही.
तिथंच एका काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं,
आडनाव काय गं तुझं?
राठोड.
"अय्या, म्हणजे राजस्थानकडच्या?"
त्यांचा चेहरा इतका उजळला की
मी म्हटलं, हौ.

सगळ्या शहरभर गोळा केलेलं हौ
त्या दिवशी एकदाच खोटं वापरलं.
दिवसभर सायकलची चेन उतरत राहिली.

आमची वस्ती यादीत शेवटची.
पत्र्याचं दार, मीटर आत, देवळीशेजारी.
उन्हानं डोळे गेलेले,
सवयीनं मी ओरडले, मीटऽर!
आतून आईचा आवाज,
परक्या माणसासाठी सावरून घेतलेला,
"कूण छ?"

दहावीपासून मी घरातसुद्धा
मराठीतच उत्तर देते तिला.
मैत्रिणी आल्या की तिला हळू बोल म्हणते.
कांद्याच्या खड्ड्यावर बसून मी तेलुगू ऐकलं,
पगडीच्या टोकाशी उभी राहिले,
आणि हा एक उंबरा
रोज ओलांडून जात होते नुसती.

ती बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या.
मीटरवाल्या पोरीसाठी.
मला बघून थबकली,
तांब्या मात्र पुढंच धरलेला.

मी चपला काढल्या.
"म छू, याडी," म्हटलं.
शब्द वाकडाच निघाला, गंजल्यासारखा.
ती काहीच बोलली नाही.
टॉर्च शोधायला गेली.