अनुक्रमांक एक

सुवर्णमहोत्सवाच्या आठ दिवस आधी
कुलसचिव मॅडमनी मला वर बोलावलं.
म्हणाल्या, चौगुले, पहिलं रजिस्टर काढा.
पहिला विद्यार्थी कोण ते बघा.
हयात असेल तर शाल, श्रीफळ, स्टेजवर खुर्ची.
नसेल तर घरच्यांना आणू.

रजिस्टर लोखंडी कपाटात, तळच्या फळीवर,
फडक्यात बांधलेलं.
गाठ सोडली
आणि खोलीभर हळदीचा वास.

त्या ऑगस्टात, आयर्विन पुलाची पातळी
तासातासाला फोनवर येत होती तेव्हा,
मी आणि नबीसाब मुजावर
छातीएवढ्या पाण्यातून
डोक्यावर हीच रजिस्टरं घेऊन निघालो होतो.
नबीसाब म्हणाला, साहेब, आत कोण आहेत एवढे?
म्हटलं, दहा वर्षांची पोरं.
तो म्हणाला, मग जड असणारच.

वाळवायची कुठं?
बसाप्पा शेट्यांनी गोदामाची माडी दिली.
खाली पोती, वर सुतळ्या,
सुतळ्यांवर पानन् पान.
तीन आठवडे.
शाई पसरली, पण नावं तगली.
तेव्हापासून आमच्या जुन्या बॅचेस
हळदीला बसवल्यासारख्या पिवळ्या आहेत.

पान एक. अनुक्रमांक एक.
कु. अक्काताई भूपाल मगदूम, कवलापूर.
प्रवेश फी भरली. ग्रंथालय अनामत पंधरा रुपये, भरली.
शेवटच्या रकान्यात लाल शाईत:
परीक्षेस गैरहजर.
पुढं काही नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मॅडम जरा थांबल्या.
मग म्हणाल्या, दोन नंबरला कोण आहे?

दोन नंबरला निवृत्त तहसीलदार निघाले.
त्यांनी भाषण टाइप करून ठेवलं होतं,
जणू पन्नास वर्षं कुणाच्या तरी फोनची वाट बघत होते.

पण माझी बोटं पिवळी झाली होती
आणि ती धुवावीशी वाटेनात.
कवलापूरच्या तलाठ्याला विचारून, त्याच्या मेव्हण्याला विचारून,
चौथ्या दिवशी नंबर मिळाला.

व्हय, मीच की अक्काताई.
पयला नंबर? आवं, त्यात माझं काय न्हाय.
बाबा पहाटेच्या एस.टी.नं गूळ घिऊन सौद्याला निघाले,
मला दारात सोडलं.
गेट उघडायच्या आत मी तिथं.
झाडूवाल्यानं बसायला पोतं दिलं हुतं.
परीक्षेला? अन् कशी येणार?
आदल्या दिशी हळद लागली की माझी.

मी गप्प.
तिकडं कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.
तिनं कुणाला तरी ग्यास बारीक करायला सांगितला.
मग म्हणाली,
पन्नास वर्सांनी फोन केलासा,
ती अनामत परत देणार हाय का?

देऊ की, मी म्हणालो, मूळ पावती लागेल.

पावती हाय.
ट्रंकंत, लग्नाच्या शालूच्या घडीत.
पर ती मी द्यायची न्हाय.
ऱ्हाऊ देत तुमच्याकडं पंधरा रुपयं.

समारंभ छान झाला.
मंडपाला सहा पंखे, दोन चालू.
स्मरणिकेत कुलगुरूंचा फोटो उलटा छापला गेला नाही
एवढ्यावर समितीनं पेढे वाटले.
तहसीलदार साहेब एकेचाळीस मिनिटं बोलले
आणि शेवटी रडले, खरंच रडले,
तेव्हा मला त्यांचा राग धरता आला नाही.

मी मागच्या दारानं वर आलो.
लेखा विभागाची जुनी वही उघडली,
देणी बाकी, ग्रंथालय अनामत.
दरवर्षी कुणीतरी ती ओळ उतरवत आलं होतं,
कोण आहे ही, हे न विचारता,
बदलत्या अक्षरांत, बदलत्या शाईंत.

खाली राष्ट्रगीत सुरू झालं. मी उभा राहिलो.
मग बसून लिहिलं:
मगदूम अक्काताई भूपाल. रुपये पंधरा.
मागील पानावरून पुढे.