साडेचारशे पट

खोक्यावर शनी होता ताटाएवढा, केशरी.
खाली लाल अक्षरांत: साडेचारशे पट.
हैदराबादेहून मामानं आणलेली नळी,
पुढचं भिंग साठ मिलिमीटर,
चहाच्या बशीत आतली खळी असते तेवढं.

मी थेट सगळ्यात बारीक नेत्रिका लावली.
बारीक नेत्रिका, मोठा आकडा, एवढं कळलं होतं.
शनी आला. आला म्हणजे
काचेवर कुणी फुंकर मारून ठेवावी तसा,
मळकट, कड नसलेला,
आणि बघता बघता नळीबाहेर सरकला.

"काय बगुलालास रं?"
शेजारच्या गच्चीवरून रियाजोद्दीनचाचा.
निम्म्या उदगीरच्या डोळ्यांचे नंबर
त्यांच्या वहीत आहेत.
त्यांनी खोकं वाचलं, उलटं करून पुन्हा वाचलं,
मग खाली आईला हाक मारली:
"महानंदाताई, पसाभर पिठाची भाकर
थापून थापून किती मोठी होईल?"
"तव्याएवढी. पुढं फाटती."
"ऐकलास? उजेड पसाभर,
आन् तू परातीएवढा थापलालास."

त्यांचा आरसा सहा इंची.
आठ महिने, दुकान मिटल्यावर,
पाण्यानं भरलेल्या पिंपावर काच ठेवून
भोवती फिरत घासलेला.
चाची म्हणायची, घाण्याला बैल जुंपलाय.

मी म्हटलं, इंचाला पन्नास, म्हणजे तीनशे!
"हा हिशेब काचेचा. हवेचा कोण करणार?"
डाळमिलचे पत्रे दिवसभर तापलेले,
त्यांच्यावरचा शनी
कढईतल्या भज्यासारखा थरथरत होता.
"पत्रे निवू दे."

अडीचला मिलचं कुत्रंसुद्धा गप झालं.
नेत्रिका दहाची. एकशेवीस पट.
वाटाण्याएवढा.
वाटाण्याएवढाच, पण सुईनं कोरलेला,
कडं अंगापासून सुटं,
मधल्या फटीत रात्र दिसावी इतकं सुटं,
आणि कड्यातही एक काळी रेघ,
सुरम्याची सळई एकदाच फिरवलेली.

मला बोलायचं सुचेना.
चाचांनीही विचारलं नाही.

आई जिन्यातून आली, झोपेतली, वैतागलेली.
"किती पट?"
"एकशेवीस."
"बास?" म्हणाली, आणि डोळा लावला.

शनी सारखा निसटत होता,
चाचा अंदाजानं नळी बोटभर ढकलत राहिले,
आणि माझी पाळी
काही येईना.