प्रकाशा ते भुषा, मागे नाव

पहाटे प्रकाश्याला, तापीच्या काठावर
उखर्डू नानाने हुकाच्या गोळ्याला ग्रीस चोळलं
बाळाच्या टाळूला तेल चोळावं तसं.
कुलूप बसल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला,
तरी म्हणाला, उचलून बघ.
उचललं. जीपचं बूड वर आलं, हूक सुटला नाही.
साखळ्या दोन, दांड्याखाली फुलीसारख्या.
हूक निसटलाच तर दांडा रस्त्याला टेकायच्या आधी
झोळीत पडेल.
"पडू नयेच," नाना म्हणाला, "पन झोळी पाह्यजे."

अठरा फुटी, फायबरची, दवाखान्याची.
नावेला अजून नाव नाही.

जमिनीवर नाव म्हणजे कुणाची तरी चूक वाटते.
तळोद्याच्या बाजारात पोरं मागं धावली,
पपईवालीने तराजू तसाच अधांतरी धरला
आणि विचारलं, पूर येणार आहे का?
हसायला सवड नव्हती. पुढे चौक होता.
जीप वळली तरी वळण संपत नाही,
मागचं चाक आतून कापत येतं,
आणि हातगाडीचा कोपरा, दुकानाची पायरी, झोपलेलं कुत्रं
सगळं नेमकं त्या आतल्या रेषेवर असतं.
म्हणून पुढे जायचं, वाटतं त्याहून हातभर पुढे,
मग फिरवायचं.
निघताना नाना खिडकीशी वाकून बोलला होता:
"तुनी जीप जठे सरस, तठे तू सरत नई.
मांगे बी तूच शे."

कोठारला उतरून चाकाच्या तुंब्याला हात लावला. कोमट.
हाताला सोसतं तोवर चाकाला सोसतं.

चांदसैलीचा घाट चढताना ती जड होती, गुणी होती.
उतारावर तिला पाणी आठवलं.
डाव्या आरशात आली,
मग उजव्या,
मग पुन्हा डाव्या, या वेळी जास्त.
जू झुगारणाऱ्या गोऱ्ह्यासारखी
जीपला ढुंगणाकडून हलवू लागली.
पाय ब्रेककडे गेला.
मधेच अडवला.
दाबला असता तर पुढचं थांबलं असतं, मागचं नाही,
अडकित्त्यासारखे मिटलो असतो
आणि खाली सागाच्या शेंड्यांवर
नुसतं ऊन पसरलेलं होतं.
स्टिअरिंग सरळ. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला.
दुसऱ्या गियरमध्ये इंजिन कण्हत, पण धरून.
सायसिंगच्या मांडीवर लशीचा डबा,
दोन्ही हात त्याच्यावर, डोळे मिटलेले.
तिने चार हेलकावे दिले, मग दोन,
मग नुसती मान हलवली.

थांबलो. चाकांना दगड लावले.
नावेच्या पार शेपटाला डिझेलचे चार कॅन,
बांधलेले चांगले, पण शेपटाला.
"मोटारीजवळ असावेत म्हणून मीच ठेवले," सायसिंग म्हणाला.
कॅन पुढे आणले, पट्टे पुन्हा कसले,
पाणी प्यालो.
रागावणार होतो. पण सकाळी तपासायचं माझं काम होतं.

भुष्याला नर्मदा दिसली तेव्हा चार वाजलेले.
तापलेली चाकं थेट पाण्यात घालायची नाहीत,
म्हणून पाऊण तास बसून राहिलो,
ज्यांच्यासाठी नाव आली ती माणसंही बसून राहिली.
मग रिव्हर्स.
उलट्या जगात डावं हवं तर उजवं फिरवावं लागतं,
पण नानाची युक्ती: हात चाकाच्या तळाशी धर,
हात जाईल तिकडे नाव जाईल.
गेली.
एक कोपर चुकलं, पुढे घेतली, पुन्हा गेली.
आणि दिवसभर जिचं वजन मी पाठीत वागवलं
तिला एका म्हातारीने
काठीच्या टोकाने खोल पाण्यात लोटलं.

परतताना मागे रिकामा सांगाडा,
खड्ड्याखड्ड्याला उड्या मारणारा.
आरशात काहीच नाही, तरी बघत होतो.
तळोद्याच्या चौकात पपईवाली ओरडली,
"नाव कुठे ठेवली रे?"
मी आधी वळण पुरं केलं.