उदगीरचा काटा

रात्री पावणेदहाला फोन आला उदगीरहून,
डाळ मिलच्या वजनकाट्यावरून.
"मॅडम, चक्र फिरायलंय."
कधीपासून?
"जेवून आलो, तरी फिरायलंय."

काट्यावर तुरीचा ट्रक, मागे अकरा,
शेपूट देगलूर रस्त्याला लागलेलं.
लातुरात सर्व्हरच्या खोलीतली वीज गेलेली,
हे उदगीरला कोण सांगणार?
यंत्र विचारून बसलं होतं,
आणि विचारून बसलेल्याला
ऊठ म्हणायचं मी कुठं लिहिलंच नव्हतं.

चूक शोधली. चूक नव्हती.
कंसात एक जागा रिकामी सोडली होती,
आणि रिकाम्या जागेचा अर्थ यंत्राच्या लेखी:
थांब, जन्मभर.

मन्मथ म्हणाला, तीस टाक, सगळे तीसच टाकतात.
मी डोळे मिटून तीस मोजले.
पंधराच्या पुढं मलाच धीर निघेना.

सकाळच्या एसटीने गेले,
काट्याच्या केबिनमध्ये घड्याळ घेऊन बसले
मस्तानभाईंच्या शेजारी.
पाचव्या सेकंदाला ड्रायव्हर आरशात बघतो.
आठव्याला दार उघडतो.
बाराव्याला मागच्याचा हॉर्न.

मग लिहिलं:
दार वाजवायला तीन.
उघडलं, तर उत्तराला आठ.
नाहीच आलं तर वजन इथंच ठेवायचं
आणि पुन्हा पाठवायचं, दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ,
दमादमानं,
नाहीतर वीज आल्या आल्या सगळे काटे
एकदमच त्याच्या उरावर बसतील.
पावतीचा नंबर मात्र तोच,
एका ट्रकची तूर कागदावर दोनदा उतरू नये म्हणून.

मस्तानभाई चष्मा कपाळावर घेऊन बघत होते.
"म्हणजे हे आता नाही म्हणायला शिकलं."
नाही हो. फक्त
'उत्तर आलं नाही' एवढं म्हणायला.
"तेवढंच तर कुणी म्हणत नाही."

मग फडक्यानं पडदा पुसत:
"नऊ वर्षं झाली. परमनंट करा म्हणलो.
मालक म्हणतेत, बघू.
ह्या बघूला किती सेकंद टाकावं, मॅडम?"

मी वायर काढली, चाचणीसाठी.
गाडी चढली. आकडे हलले, थांबले.
एक. दोन. तीन.
पडद्यावर लाल ओळ, आणि मस्तानभाईंनी ती
खिडकीतून डोकं काढून मोठ्यानं वाचली,
जशी काही त्यांचीच होती:
"सर्व्हर लागला नाही! वजन नोंदलंय! गाडी पुढं घ्या!"
ड्रायव्हरनं आरशातसुद्धा बघितलं नाही.

नळेगाव सुटल्यावर आठवलं,
वायर तशीच राहिली.
दीड तास झाला होता, आणि उदगीरहून
एकही फोन नव्हता.
मीच लावला.
"दिसली मला," म्हणाले, "जोडलो मघाशीच.
चौदा गाड्या गेल्या तोवर."

लातुरात उतरून आधी पावत्या मोजल्या.
चौदा. एका नंबराला एकच.
बघूचं तेवढं
मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.