टेअर वजन

डब्यांची वही अजून माझ्याकडे आहे.
कापडी पाठ, चौदा रकाने:
नंबर, बाकं, खिडक्या, ब्रेकचे ठोकळे, रंगाची तारीख,
आणि शेवटी शेरा.
शेऱ्यात मी बहुतेक एकच शब्द लिहीत आलो, चालू.

रुळांमधलं अंतर दोन फूट.
लष्करच्या आमच्या घरातली खाट याहून रुंद.
समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा
आणि घोसीपुरा येईतो ओळख व्हायचीच,
नको असली तरी.

एकतीस नंबर डावीकडे कलायचा.
स्प्रिंगा बदलल्या, बुश बदलले, तरी कलायचा.
रामसनेही म्हणे, "दिगूभैया, इसकी आदत है."
सतरा नंबरात, कैलारस सुटल्यावर, एक मुलगी जन्मली.
गुंडाळायला कोणाकडे धड कापड नव्हतं,
गार्डनं आपली हिरवी झेंडी दिली
आणि सबलगढपर्यंत नुसत्या हातानं निशाण करत गेला.
वहीत त्या दिवशी: झेंडी एक, कमी.

चोवीस नंबरात, खिडकीकडच्या बाकाच्या कडेला खाली,
कोणी खिळ्यानं कोरलं होतं: शारदा.
मी वरून रंग दिला. पुन्हा कोरलं.
तीनदा असं झालं.
चौथ्यांदा ब्रश तिथून वळवून नेला.

छपरासाठी मात्र रकाना नव्हता.
आणि जाणारे निम्मे तर छपरावरून जायचे,
गजकाची खोकी, दोन बकऱ्या,
वरातीला निघालेला अख्खा बँड,
एकदा जौऱ्याहून कुलर, त्याला धरून बसलेले बाप-लेक.
सोमवारी सकाळी मी बाकावर उभा राहून
आतून वर हातोडी मारायचो,
पत्र्याचे खळगे एकेक करून काढायचो.
मांडी घालून बसलेल्याचा खळगा वेगळा,
उकिडव्या बसलेल्याचा वेगळा.
तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांची.
बसणं ओळखायचो.

मग गाडी बंद झाली.
काही दिवसांपुरती, असं म्हणाले.
त्या काही दिवसांत बाभळी चाकांच्या आरपार आल्या.

लिलावाचा माणूस तरणाताठा होता, बोलायला गोड.
"अंकल, एक डिब्बे का वजन?"
मी वहीतून टेअर वजन वाचून दाखवलं,
म्हणजे रिकाम्या डब्याचं.
त्यानं बावीसनं गुणलं.
भरलेल्याचं नको का, असं तोंडापर्यंत आलं होतं.
पण तो आकडा माझ्याकडे नव्हता.
कोणाकडेच नव्हता.

गॅस कटर तीन दिवस चालला.
एकतीस नंबर कापतानाही डावीकडेच पडला.
रामसनेही मोठ्यानं हसला,
मग बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिला.

एक डबा ठेवलाय, बागेत, सिमेंटच्या ओट्यावर.
निळा आणि पिवळा. असा रंग आमच्याकडे कधीच नव्हता.
नंबर टाकलाय एक हजार एक,
शकुनाचं पाकीट दिल्यासारखा.
मी आत गेलो, गुडघे मोडून बसलो,
बाकाच्या कडेखाली बोटं फिरवली.
नव्या रंगाच्या खाली, जाड झालेली, पण होती:
शा, र, दा.

खाली उतरून हातोडीनं चाक वाजवलं.
जुनी सवय.
चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बोदं.
हे बोदं वाजलं.
तडा नाही कुठे, चारदा पाहिला.
सिमेंटनं धरून ठेवलंय, एवढंच.

लिहिलं: चोवीस. बाकं ठीक. चाकं ठीक. आवाज नाही.
शेऱ्याच्या रकान्याशी पेन थांबलं.

तेवढ्यात वर पत्रा कडकन वाजला.
आठ-नऊ वर्षांचा पोरगा,
चपला खाली काढून, खिडकीच्या गजावरून चढलेला,
उकिडवा.
चौकीदार कारंज्यापाशी पाठमोरा, फोनवर.
मी त्याला हाक मारली नाही.
वही गुडघ्यावर घेतली, चौदाव्या रकान्याच्या पुढे,
समासात, पट्टी न लावता एक उभी रेघ ओढली
आणि लिहिलं:
छपरावर एक.